मिरज–पंढरपूर मार्गावरील लहान स्टेशन: इतिहास कसा शोधावा आणि थांबा कसा मागावा

आपला प्रश्न मला समजला तो असा. कवठेमहांकाळ आणि सांगोला यांच्या दरम्यान, मिरज–पंढरपूर रेल्वेमार्गावर आपले गाव आहे. नॅरोगेजच्या (अरुंद रुळांच्या) काळात येणारी-जाणारी प्रत्येक गाडी गावच्या स्टेशनवर थांबत असे, असे आपले आजोबा सांगत. आता मार्ग ब्रॉडगेज (रुंद रुळांचा) झाला, विजेवर चालू लागला, तरी बहुतेक एक्स्प्रेस गाड्या न थांबता निघून जातात. म्हणून स्टेशनचा इतिहास लिहावा आणि त्याच्या जुनेपणाच्या आधारावर रेल्वेकडे थांबा मागावा, असे ग्रामस्थांनी ठरवले आहे. सुरुवात कोठून करावी, हे आपणास हवे आहे.

याच भागातील लहान स्टेशनांवर मी स्टेशन मास्तर म्हणून नोकरी केली आहे आणि निवृत्तीनंतर गावोगावच्या अशा अर्जांना मदत करत आलो आहे. त्या अनुभवावरून पहिली गोष्ट सांगतो. इतिहास लिहिणे आणि थांबा मिळवणे ही दोन्ही कामे करण्यासारखी आहेत, परंतु जुनेपणाच्या जोरावर थांबा मिळत नाही. पूर्वी गाडी आपल्या गावी का थांबत होती, हे एकदा नीट कळले म्हणजे आज ती का थांबत नाही आणि थांबावी म्हणून काय दाखवावे लागेल, हेही कळते. इतिहासाचा खरा उपयोग तेथे आहे.

आपण स्टेशनचे नाव लिहिलेले नाही, आणि पुढचे बरेचसे उत्तर स्टेशन कोणत्या प्रकारचे आहे यावर अवलंबून आहे. म्हणून आधी सर्वांना लागू पडणारा इतिहास सांगतो.

हा मार्ग मुळात बार्शी लाइट रेल्वेचा. बार्शी ही कापसाची आणि धान्याची मोठी बाजारपेठ, पण जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मार्ग तिला बाजूला ठेवून कुर्डुवाडीवरून गेला आणि तेथील स्टेशनाला बार्शी रोड असे नाव पडले. तेथपर्यंतचा सुमारे ३५ किलोमीटरचा प्रवास माल बैलगाड्यांतून करत असे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या जी.आय.पी. रेल्वेत काम केलेल्या इंग्रज अभियंत्याने या दोन ठिकाणांना जोडणारी अडीच फूट रुंदीची, म्हणजे ७६२ मिलिमीटरची रेल्वे उभारली आणि ती १८९७ मध्ये सुरू झाली. कोणत्याही आसाचा रुळावरील भार पाच टनांपेक्षा जास्त होऊ द्यायचा नाही, हे त्याच्या आखणीचे मर्म होते. भार कमी असल्याने रूळ हलके चालले, पूल स्वस्तात झाले आणि तरीही इंजिनाला अधिक चाके देऊन ओढण्याची ताकद राखता आली. कमी उत्पन्नाच्या भागात रेल्वे कशी परवडवावी, याचा इतका काटेकोर विचार त्या काळात फार थोड्यांनी केला होता, आणि आपल्या भागाला रेल्वे मिळाली ती त्या विचारामुळे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुर्डुवाडीहून हा मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला पोहोचला, बार्शीच्या बाजूने १९११ मध्ये लातूरला गेला आणि पंढरपूरहून पुढे सांगोला, जत रोड, ढालगाव, कवठेमहांकाळ असा १९२७ मध्ये मिरजेला येऊन मिळाला. सर्व मिळून लांबी सुमारे ३२५ किलोमीटर झाली. म्हणजे आपले स्टेशन मूळ मार्गाबरोबरच सुरू झाले असेल, तर त्याचे वय १९२७ पासून मोजावे लागेल; १८९७ हे वर्ष आपल्या फलकावर लिहू नये. ही गफलत मी अनेक स्मरणिकांत पाहिली आहे. कंपनी लंडनमध्ये नोंदलेली होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने ती विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला.

आता आजोबांच्या आठवणीकडे येतो. ती खरी आहे. प्रश्न एवढाच की गाडी थांबत होती कशासाठी. वाफेच्या इंजिनाला ठराविक अंतरावर पाणी घ्यावेच लागे, आणि आपला पट्टा तर दुष्काळी, त्यामुळे जेथे भरवशाचे पाणी तेथे थांबा ठरलेलाच. मार्ग एकेरी असल्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी, आम्ही ज्याला क्रॉसिंग म्हणतो त्यासाठी, स्टेशनवर उभे राहणे भाग होते. अशा मार्गांवर प्रवासी डबे आणि मालाच्या वाघिणी (मालडबे) एकाच गाडीला जोडून मिश्र गाड्या चालवण्याची पद्धत होती; मालधक्क्यावर वाघीण लावायची किंवा काढायची असेल, तर गाडी शंटिंग, म्हणजे डबे जोडणे-सोडणे, होईपर्यंत थांबे. वेग मुळातच कमी, त्यामुळे थांबल्याने फारसे काही बिघडत नसे. थोडक्यात, गाडी स्वतःच्या गरजेसाठी थांबत होती आणि त्या थांब्याचा लाभ गावाला आपोआप मिळत होता. आषाढी-कार्तिकीला पंढरपूरची गर्दी आणि एरवी धान्य, कापूस, गुरांचा चारा असा माल, हे त्या रेल्वेचे उत्पन्न होते; रोज तालुक्याच्या गावी जाणारा प्रवासी हा तिच्या हिशेबात दुय्यम होता.

ही कारणे एकेक करून संपली. १९४८ मध्ये राज्यात एसटीची सेवा सुरू झाली आणि पुढच्या काळात ती थेट गावाच्या पारापर्यंत पोहोचली, तर स्टेशन बहुधा गावापासून दूर होते. किरकोळ माल ट्रकने नेला, वाघीण-वाघीण माल घेण्याची पद्धत रेल्वेनेच हळूहळू सोडून पूर्ण मालगाडी भरण्यावर भर दिला आणि लहान मालधक्के ओस पडले. डिझेल इंजिन आल्यावर पाण्याचा थांबा गेला. रुळांचे रुंदीकरण (नॅरोगेजचे ब्रॉडगेज करणे) लातूरच्या बाजूला २००७–०८ मध्ये पूर्ण झाले आणि मिरज–पंढरपूर टप्पा त्यानंतर झाला. रुंदीकरणात मार्गाची वळणे सौम्य झाली, वेग वाढला, दोन क्रॉसिंग स्टेशनांतील अंतरांचा नव्याने विचार झाला आणि काही जागी स्टेशनचे रूपच बदलले. दुष्काळी पट्ट्याला ब्रॉडगेजचा काय उपयोग, असे जे विचारत, त्यांना २०१६ च्या उन्हाळ्यात उत्तर मिळाले. मिरजेत भरलेली पाण्याची गाडी याच मार्गाने पंढरपूर, कुर्डुवाडी करत लातूरला गेली. पहिल्या फेरीला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर आणि पुढे पन्नास वाघिणींतून सुमारे पंचवीस लाख लिटर पाणी एका खेपेला पोहोचले. नॅरोगेजवर हे शक्य झाले नसते.

येथून आपल्या स्टेशनच्या आजच्या स्थितीचा प्रश्न सुरू होतो. स्टेशनवर जाऊन आधी एवढे पाहा: मुख्य मार्गाशिवाय बाजूला आणखी एक-दोन मार्ग, म्हणजे लूप, आहेत का, दोन्ही टोकांना सिग्नल आहेत का, चोवीस तास स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन (रुळांचे सांधे बदलणारा कर्मचारी) ड्युटीवर असतात का. असे असेल तर ते ब्लॉक स्टेशन आहे, म्हणजे गाड्या चालवण्याच्या व्यवस्थेचा ते एक भाग आहे आणि एकही प्रवासी आला नाही तरी रेल्वेला ते हवे आहे. याउलट एकच मार्ग, एक फलाट, सिग्नल नाही आणि तिकीट देणारा माणूस कमिशनवर नेमलेला एजंट असेल, तर ते हॉल्ट आहे. हॉल्टचे अस्तित्व केवळ प्रवाशांवर टिकते. दोन्ही ठिकाणी पिवळा फलक सारखाच असतो, त्यामुळे गावाला फरक जाणवत नाही. अर्ज मात्र दोन्हींसाठी अगदी वेगळा लिहावा लागतो.

हॉल्टवरील एजंट शेजारच्या नेमून दिलेल्या स्टेशनवरून तिकिटे घेतो आणि विक्रीवर त्याला कमिशन मिळते. विक्री कमी झाली की त्याला ते काम परवडत नाही, खिडकी बंद राहू लागते, लोक विनातिकीट चढतात किंवा एसटीने जातात, आणि कागदावर स्टेशनचे उत्पन्न आणखी खाली येते. एखाद्या हॉल्टची घसरण सुरू होते ती बहुतेक वेळा याच क्रमाने. म्हणून आपले स्टेशन हॉल्ट असेल, तर एक्स्प्रेसचा विषय सध्या बाजूला ठेवा आणि खिडकी नियमित उघडी राहील, सध्या थांबणाऱ्या गाडीला प्रत्येक जण तिकीट काढूनच बसेल, याची व्यवस्था गावाने करावी. अनारक्षित तिकीट आता मोबाइलवरूनही काढता येते. मात्र ते काढताना चढण्याचे स्टेशन म्हणून आपल्याच गावाचे नाव निवडले पाहिजे. सवयीने मोठ्या स्टेशनचे नाव टाकले, तर तो प्रवासी आपल्या स्टेशनच्या खात्यात दिसत नाही.

उपनगरी विभागाबाहेरची स्टेशने आणि हॉल्ट यांची श्रेणी रेल्वे वार्षिक प्रवासी आणि उत्पन्न पाहून ठरवते. २०१७ पासूनच्या वर्गवारीत वर्षाला एक कोटी रुपयांपर्यंत उत्पन्न असलेली साधी स्टेशने सर्वांत खालच्या, म्हणजे सहाव्या श्रेणीत येतात. हॉल्टच्या तीन श्रेणी वेगळ्या आहेत आणि त्यांपैकी शेवटची पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाची आहे. पिण्याचे पाणी, बसायला बाके, सावली, दिवे, स्वच्छतागृह, फलाटाची उंची या सोयी त्या-त्या श्रेणीच्या किमान निकषांनुसार मिळतात. यातला महत्त्वाचा भेद असा की किमान सोयी हा आपला हक्क आहे, त्या मागताना उत्पन्नाची चर्चा करण्याची गरज नाही; एक्स्प्रेसचा थांबा मात्र हक्काने मिळत नाही, त्यासाठी तो रेल्वेला परवडतो हे दाखवावे लागते. निवेदनांत या दोन्ही मागण्या एकत्र लिहिल्या जातात आणि पाण्याचा नळसुद्धा थांब्याच्या निर्णयाची वाट पाहत अडकून पडतो. त्यांचे अर्ज वेगळे करावेत.

थांब्याचा खर्च नेमका कशात असतो, ते सांगतो. वेळापत्रकात दोन मिनिटे लिहिली, तरी गाडी वेगातून थांबवणे आणि पुन्हा वेगात आणणे धरून प्रत्यक्षात पाच-सहा मिनिटे जातात, इंधन किंवा वीज खर्च होते आणि एकेरी मार्गावर पुढच्या स्टेशनवर वाट पाहणारी दुसरी गाडीही तेवढीच खोळंबते. त्यामुळे गाड्यांच्या हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या सेक्शन कंट्रोलरचा पहिला विरोध वेळेवरून असतो, पैशांवरून नंतर. यावर सर्वांत परिणामकारक उपाय मला अनुभवाने जो सापडला, तो ब्लॉक स्टेशनांनाच लागू आहे. एखादी एक्स्प्रेस आपल्या स्टेशनवर क्रॉसिंगसाठी वारंवार थांबते का, हे महिनाभर रोज लिहून ठेवा: तारीख, गाडी, येण्याची आणि सुटण्याची वेळ, कोणत्या मार्गावर उभी राहिली. ती मुख्यतः एकाच वेळेला थांबत असल्याचे दिसले, तर तो थांबा प्रवाशांना खुला करण्यात वेळेचे नुकसान जवळपास नसते. अशा नोंदीसह केलेला अर्ज वाचला जातो, कारण त्यात अधिकाऱ्याच्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर आधीच असते. मात्र ती गाडी जेथे उभी राहते त्या मार्गाला फलाट आहे का, तो पूर्ण गाडीला पुरेल इतका लांब आहे का, हेही तपासा. चोवीस डब्यांच्या गाडीला साडेपाचशे मीटरहून अधिक लांब फलाट लागतो. मागचे डबे खडीवर उभे राहणार असतील, तर वृद्ध आणि अपंग प्रवाशांच्या सुरक्षिततेचा मुद्दा रेल्वे उपस्थित करील आणि तो रास्तच असेल.

दुसरा भाग आकड्यांचा. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचे शुल्क भरून आपला मार्ग ज्यात येतो त्या रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे मागील तीन वर्षांची आपल्या स्टेशनची महिनावार तिकीटविक्री, प्रवासीसंख्या आणि उत्पन्न मागा. करोनाच्या काळाबद्दल मात्र सावध राहा. २२ मार्च २०२० नंतर प्रवासी गाड्या बंद झाल्या, नंतर परत येताना अनेक पॅसेंजर विशेष गाड्या म्हणून एक्स्प्रेसच्या भाड्याने धावल्या आणि किमान भाडे दहाऐवजी तीस रुपये झाले. ते पुन्हा दहावर आले २०२४ च्या फेब्रुवारीत. या मधल्या वर्षांचा आकडा कमी दिसला तर तो मागणीचा पुरावा म्हणून कोणी वापरू नये, असे निवेदनात स्पष्ट लिहा आणि २०१९ पूर्वीचा आकडा शेजारी ठेवा.

तरीही एक अडचण उरते. एक्स्प्रेस थांबत नाही, म्हणून पुण्या-मुंबईला जाणारा आपल्या गावचा माणूस रस्त्याने मिरज, सांगोला किंवा पंढरपूर गाठतो आणि तेथून बसतो. त्याचे तिकीट तेथल्या खात्यात जाते. आपल्या स्टेशनच्या आकड्यांत तो कधीच दिसणार नाही. ही मागणी गावालाच दाखवून द्यावी लागते. पंचक्रोशीतील गावांतून बाहेरगावी शिकणारे विद्यार्थी, नोकरदार, उपचारासाठी मिरजेला नियमित जाणारे रुग्ण यांची ग्रामपंचायतीमार्फत यादी करा आणि त्यांनी दुसऱ्या स्टेशनवरून काढलेल्या तिकिटांच्या प्रती जोडा. सह्यांच्या जाड गठ्ठ्यापेक्षा अशी थोडी तिकिटे जास्त उपयोगी पडतात, कारण सही करणारा प्रवास करील की नाही हे कोणालाच माहीत नसते.

अर्ज विभागीय व्यवस्थापकांच्या कार्यालयात द्यावा, विभागीय रेल्वे वापरकर्ता सल्लागार समितीच्या सदस्यामार्फत तो बैठकीत मांडावा आणि खासदारांचे पत्र सोबत जोडावे. मेल-एक्स्प्रेसच्या थांब्याचा अंतिम निर्णय रेल्वे बोर्डाकडे असतो आणि मंजुरी मिळाली तरी ती बहुधा प्रायोगिक असते. या प्रायोगिक काळात विकली गेलेली तिकिटे पाहूनच थांबा पुढे चालू ठेवायचा की नाही, हे ठरते. पहिल्या दिवशी हारतुरे घालून गाडीचे स्वागत होते आणि पुढच्या महिन्यात फलाटावर कोणी नसते, असे झाले तर गेलेला थांबा पुन्हा मिळणे फार कठीण. म्हणून एकाच वेळी पाच गाड्या मागू नका. गावाच्या वेळेला सोयीची एक गाडी मागा आणि ती भरून दाखवा.

मालाचाही विचार करा, कारण सांगोल्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांनी कृष्णेचे पाणी या पट्ट्यात आले, डाळिंब आणि द्राक्षांचे क्षेत्र वाढले, आणि २०२० मध्ये किसान रेल्वे सुरू झाली तेव्हा देशातील शंभरावी किसान रेल्वे २८ डिसेंबर २०२० रोजी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारला निघाली. फळे आणि भाजीपाल्याच्या वाहतुकीवर तेव्हा निम्मे अनुदान होते आणि किमान इतकाच माल हवा, अशी अट नव्हती, त्यामुळे लहान शेतकरीही त्यात आला. सांगोल्याला ही संधी मिळाली कारण तेथे माल भरण्यापुरती जागा, गाडी उभी राहण्याचा मार्ग आणि एकत्र माल आणणारे बागायतदार होते. आपल्या स्टेशनवर तशी जागा नसेल, तर स्वतंत्र माल-सुविधा मागण्यापेक्षा आपल्या भागाचा माल सांगोल्याला किंवा मिरजेला एकत्र नेण्याची व्यवस्था उभारणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

आता इतिहासाच्या साधनांविषयी. मार्गाचा कोणता टप्पा केव्हा सुरू झाला, हे रेल्वे बोर्डाच्या जुन्या प्रकाशित अहवालांत मिळते. कोणत्या वर्षी आपले स्टेशन वेळापत्रकात होते आणि किती गाड्या थांबत, हे जुन्या वेळापत्रकांवरून कळते; इंग्रजी अमदानीतील न्यूमन्स इंडियन ब्रॅडशॉ या वेळापत्रकाचे अंक जुन्या ग्रंथालयांत पाहावेत. कागद शोधताना प्रशासनाच्या बदलत्या सीमा ध्यानात ठेवा. सांगली जिल्हा हे नाव १९६० चे. १९४९ पासून तोवर तो दक्षिण सातारा होता आणि त्याआधी हा मुलूख ब्रिटिश जिल्हे आणि सांगली, मिरज, जत अशा संस्थानांत विभागलेला होता, त्यामुळे जमीन संपादनाचे कागद एकाच दप्तरात मिळणार नाहीत. तसेच सोलापूर विभाग १९६६ ते १९७७ या काळात दक्षिण मध्य रेल्वेत होता, त्या वर्षांचा पत्रव्यवहार तिच्या मुख्यालयाच्या, म्हणजे सिकंदराबादच्या, नावाने असतो. मिरज जंक्शन तर १९२७ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे होते आणि पुढे काही काळ तेथे मीटरगेज (एक मीटर रुंदीचा), नॅरोगेज आणि ब्रॉडगेज हे तिन्ही मार्ग एकत्र नांदले.

कागदांपेक्षाही घाईचे काम माणसांचे आहे. नॅरोगेजवर काम केलेले गँगमन, खलाशी, पॉइंट्समन आता वृद्ध झाले आहेत आणि त्यांतले अनेक कुर्डुवाडी, पंढरपूर, मिरज येथे राहतात. त्यांना 'जुना काळ कसा होता' असे मोघम विचारू नका. पाण्याची टाकी कोठे होती, जुना रूळ आजच्या मार्गाच्या कोणत्या बाजूने जात होता, मालधक्क्यावर कोणता माल येत असे, वारीच्या दिवसांत जादा गाडी कशी सोडत, असे नेमके विचारा आणि शक्य तर त्यांना जागेवर नेऊन विचारा. आजची इमारत रुंदीकरणाच्या वेळची असण्याची शक्यता मोठी आहे. तसे असेल तर जुन्या स्टेशनचा चौथरा, विहीर किंवा पुलाचे दगडी खांब जवळपास सापडू शकतात. त्यांची छायाचित्रे आणि मापे घ्या, परंतु रुळांच्या हद्दीत परवानगीशिवाय जाऊ नका. ड्युटीवरील स्टेशन मास्तरांना सांगून गेलात तर बहुतेक जण आनंदाने मदत करतात.

आपल्या स्टेशनचे नाव, तेथे किती मार्ग आहेत, कोणत्या मार्गांना फलाट आहे आणि सध्या कोणत्या गाड्या थांबतात, एवढे कळवा. ब्लॉक स्टेशन असल्यास क्रॉसिंगच्या नोंदीचा तक्ता कसा आखावा ते मी लिहून देईन. हॉल्ट असल्यास आधी तिकीट खिडकीसंबंधीच्या अर्जाचा मसुदा करू.